काडी नसलेल्या गाडीचं ऑइल

अमळनेरला आमचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, थोडी कापसाची शेती आहे, आणि घरात आजवर आलेल्या प्रत्येक वाहनाचं ऑइल नानांनी स्वतः तपासलेलं आहे. सकाळी इंजिन गार असताना बॉनेट उघडायचं, ऑइल मोजायची काडी, म्हणजे डिपस्टिक, ओढायची, फडक्याला पुसायची, परत पूर्ण आत घालायची, पुन्हा ओढायची आणि उजेडाकडे आडवी धरायची. दोन खुणांच्या मध्ये ओल दिसली की पातळी ठीक. एवढ्यावर ते थांबत नाहीत. टोकावरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतात, नाकाशी नेतात, आणि मग ‘अजून चालेल’ किंवा ‘बदलून घे’ असा निकाल देतात. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, निकाल सहसा बरोबर निघतो.

त्यामुळे पुण्याच्या मेहुण्याकडून २०१३ची बीएमडब्ल्यू ३२८आय घ्यायचं ठरलं तेव्हा मला इंजिनाची किंवा मायलेजची काळजी नव्हती. या गाडीला काडीच नाही, हे नानांना कसं सांगायचं, ही होती. सांगायची वेळ आली नाही. गाडी दारात लागली, पेढे वाटून झाले, आणि चहा निवायच्या आत नाना बॉनेटखाली वाकलेले. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, प्लॅस्टिकचं कव्हर बोटांनी चाचपलं.

“काडी नही शे का याले?”

नाही म्हटलं. ऑइलची पातळी आत, स्क्रीनवर दिसते.

“आनि तो टीव्ही खोटं बोलना त?”

प्रश्न रास्त होता. मेहुणा हसला, पण त्यालाही उत्तर देता आलं नाही. पुण्यात त्याने कधी पातळी पाहिलीच नव्हती. सर्व्हिसिंगला गाडी द्यायची आणि परत आणायची, एवढाच त्याचा आणि ऑइलचा संबंध. ज्यांच्यासाठी कंपन्यांनी काडी काढून टाकली ते गिऱ्हाईक हेच असणार, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. जो कधी बॉनेट उघडत नाही त्याला काडीचा काय उपयोग? त्याच्यासाठी गाडीनेच स्वतःचं ऑइल मोजून वेळेवर ओरडलेलं बरं. अडचण होते ती आमच्यासारख्यांची, ज्यांना ओरडण्याच्या आधी कळायला हवं असतं.

मॅन्युअल डॅशबोर्डच्या खणात होतं, पानं एकमेकांना चिकटलेली, म्हणजे कुणी उघडलेलं नसावं. त्यात ऑइल बघायच्या दोन पद्धती दिल्या आहेत. एक चालता चालता होणारी. गाडी साधारण अर्धा तास चालली की ती आपल्याआप पातळी मोजून ठेवते. मधला गोल खटका फिरवून गाडीच्या माहितीत जायचं, तिथे गाडीची स्थिती, आणि त्यात इंजिन ऑइल. आजचा प्रवास छोटा असेल तर मागच्या कुठल्या तरी पुरेशा लांब प्रवासातला आकडा समोर येतो. दुसरी पद्धत गाडी उभी करून सविस्तर मोजायची. तिच्या अटी अशा: जमीन सपाट हवी, इंजिन पूर्ण तापलेलं आणि चालू हवं, ऑटोमॅटिक गिअर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये हवा, आणि मोजमाप चालू असताना अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. मोजायला साधारण एक मिनिट लागतं. तेवढ्या वेळात इंजिनाचा आयडल आवाज जरासा चढतो. हे आधी वाचलेलं असलं की माणूस दचकत नाही.

वाचायला सोपं आहे. आमच्या रोजच्या वापरात मात्र पहिली पद्धत जवळजवळ निरुपयोगी ठरली. घर ते दुकान पाच मिनिटं, दुकान ते शेत दहा. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. स्क्रीनवर पुण्याहून येताना घेतलेला आकडाच बसलेला, आणि तो खालच्या खुणेच्या फारच जवळ होता. सूचना आलेली नव्हती, पण आज ना उद्या येणार हे दिसत होतं. म्हणून एका रविवारी पारोळ्यावरून हायवेने धुळ्याला गेलो, तिथे शेवभाजी-भाकरी खाल्ली आणि त्याच रस्त्याने परत आलो. इंजिन चांगलं तापलं होतं. आता सविस्तर मोजायचं, तेही अंगणात, नानांसमोर.

इथे सपाट जमिनीचा मुद्दा आला. आमचं अंगण डोळ्यांना सपाट दिसतं. पण पावसाचं पाणी गटाराकडे जातं, म्हणजे उतार आहेच. किती, ते बघायला शेजारच्या बांधकामावरून गवंड्याची पाण्याची नळी मागून आणली. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक पुढच्या चाकापाशी आणि दुसरं मागच्या चाकापाशी धरलं. पुतण्याने खडूने दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण केली. जमिनीपासून दोन्ही खुणा टेपने मोजल्या तर पुढची बाजू चांगली चार इंच खाली निघाली. या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.८१ मीटर अंतर आहे, म्हणजे उतार सुमारे दोन अंशांचा झाला. दोन अंश ऐकायला काहीच नाही. पण इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या चेंबरची तीस सेंटिमीटर लांबी धरली, तर या उतारावर एका टोकाला ऑइल दुसऱ्या टोकापेक्षा एक सेंटिमीटर उंच उभं राहतं. सेन्सर एका जागी बसलेला. तो मध्यापासून जेवढा बाजूला असेल तेवढा आकडा चुकणार, आणि वरची-खालची खूण मिळून जिथे सगळा फरकच साधारण एक लिटरचा, तिथे ही चूक लहान नाही.

(काडीलाही हा नियम लागूच होता म्हणा. पण काडीच्या काळात ट्रॅक्टर बांधाला तिरका उभा करून ऑइल बघणारे मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि इंजिनांनी ते सहन केलं.)

मग सपाट जागा कुठे? पेट्रोल पंपाच्या फरशीला पाणी काढायला उतार ठेवलेलाच असतो. रस्ता मधे फुगलेला. नानाच म्हणाले, जिनिंगचा काटा. चुलतभावाच्या ओळखीच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तोलायचा काटा आहे, आणि तो बसवताना लेव्हलला बसवलेला असतो, कारण प्लॅटफॉर्म तिरका असला तर वजनच खोटं येईल. हंगाम संपलेला, काटा मोकळा होता. काट्यावरच्या पोराने आधी गाडीचं वजन करून दाखवलं, मग आम्ही नळी लावली. दोन्ही खुणा बरोबर जमल्या, डावी-उजवीकडेही. गाडी तापलेली होती, गिअर ‘पी’मध्ये टाकला, मेनूतून मोजणी सुरू केली. आवाज चढला, स्क्रीनवर वेळ सरकत गेली, आणि पट्टी आली. खालच्या खुणेच्या जेमतेम वर.

नानांनी खिडकीतून डोकं आत घालून पट्टी पाहिली आणि विचारलं, पण हे याला कळतं कसं. हे मी आधी वाचून ठेवलं होतं.

अशा सेन्सरचे मुख्य दोन प्रकार आहेत. जुना उष्णतेवर चालणारा. चेंबरच्या तळाशी एक बारीक तार थोडी तापवतात आणि ती निवायला किती वेळ लागतो ते बघतात. तार ऑइलमध्ये जितकी जास्त बुडालेली तितकी लवकर निवते. त्यावरून उंचीचा हिशेब. दुसरा आवाजावर चालणारा. तळाशी एक चकती कानाला ऐकू न येणारा आवाजाचा ठोका वर सोडते, तो ऑइल संपून हवा सुरू होते त्या पृष्ठभागावर आपटून परत येतो, आणि जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजला जातो. ऑइलमध्ये आवाज सेकंदाला साधारण चौदाशे मीटर वेगाने जातो, म्हणजे सात सेंटिमीटर ऑइल असेल तर परतीला सेकंदाचा दहा हजारावा भाग लागतो. ऑइल तापलं की हा वेग कमी होतो, म्हणून त्याच सेन्सरमध्ये तापमान मोजायचीही सोय असते. चालू इंजिनात चेंबरमध्ये ऑइल उसळत असतं, फेस असतो. त्याचा त्रास होऊ नये म्हणून चकतीभोवती एक नळकांडं ठेवतात, ज्यात ऑइल बारीक छिद्रांतून येतं आणि शांत राहतं. आपल्याकडे नदीची पातळी मोजायला काठावर विहिरीसारखं नळकांडं बांधतात, तोच प्रकार.

आणि इंजिन चालू ठेवून मोजायचं कारण? चालू इंजिनात काही ऑइल वर, कॅमपाशी, टर्बोत, नळ्यांत फिरत असतं. चेंबरमध्ये उरलेलं कमी दिसतं. गाडीचा हिशेब या कमी पातळीवर बेतलेला आहे. काडी बंद इंजिनाची पातळी दाखवायची, ही चालू इंजिनाची दाखवते. म्हणून एकाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही. धुळ्याचा माझा एक मित्र जुनी ऑडी ए४ चालवतो, २००८ नंतर आलेल्या पिढीतली. त्याच्या गाडीला काडीची नळी आहे पण तोंडाला बूच, आत काडी नाही. त्याची रीत माझ्या उलट: गाडी तापवायची, सपाट जागी इंजिन बंद करायचं, नुसतं इग्निशन चालू करून दोनेक मिनिटं थांबायचं, मग स्क्रीनवर बघायचं. वर्कशॉपवाल्यांकडे त्या नळीत घालायची खास मोजपट्टी असते, टी४०१७८ नंबरची, तिच्यावरची कडी त्या त्या इंजिनाच्या आकड्याला लावून मोजतात. तेव्हा शेजाऱ्याला विचारून ऑइल बघू नये. त्याची गाडी वेगळी, मॅन्युअल वेगळं.

काट्यावरून घरी आलो तेव्हा ठरलं, अर्धा लिटर घालून बघायचं. आता ऑइल आणायचं. अमळनेरला ऑइल काय मिळत नाही असं नाही. हे गावच तेलाचं. आजची विप्रो १९४५ साली इथेच वनस्पती तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली. पण दुकानात हाताशी असतं ते १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-४०, ट्रॅक्टर आणि पिकअपचं. मला ५डब्ल्यू-३० हवं होतं, आणि तेवढंही पुरे नाही. डब्याच्या मागे बारीक अक्षरात बीएमडब्ल्यूची लॉंगलाइफ-०१ ही मान्यता लिहिलेली हवी. काही डब्यांवर मान्यता मिळाल्याचं सरळ लिहिलेलं असतं, काहींवर नुसतं ‘या गाड्यांसाठी योग्य’ असं. या दोन वाक्यांत फरक आहे. पहिलं कंपनीने तपासून दिलेलं, दुसरं ऑइलवाल्याने स्वतःच म्हटलेलं. जळगावला एका दुकानात हवा तसा डबा मिळाला, सील तपासून घेतला.

नानांचा इथे आक्षेप होता. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि तू पाण्यासारखं पातळ ऑइल घालतोस? हा आक्षेप खानदेशातल्या प्रत्येक गॅरेजात ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला पटतोही. पण इंजिनाच्या आतलं ऑइल चालताना शंभर अंशांच्या आसपास असतं, बाहेर पंचवीस असो की पंचेचाळीस. कूलंट आणि थर्मोस्टॅट ते सांभाळतात. त्या ३० आकड्याचा अर्थच शंभर अंशांना ऑइल किती दाट राहतं हा आहे, आणि ५डब्ल्यू हा थंडीत, गाडी सुरू होताना, ते किती लवकर पसरतं त्याचा. इंजिनातल्या बारीक वाटा आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा याच दाटपणावर बेतलेली असते. जाड ऑइल घातलं म्हणून इंजिन जास्त टिकतं असं नाही. एवढं सांगितल्यावर ते गप्प झाले, पटलं म्हणून की कंटाळून, सांगता येत नाही.

ऑइल घालताना घाई नको. इंजिन बंद केलं, झाकण उलट्या दिशेने फिरवून काढलं. दुकानात नरसाळ्यांची कमी नाही, पण फवारणीच्या औषधाचं नरसाळं इंजिनाच्या जवळपासही आणायचं नाही, म्हणून नवं कोरं घेतलं. अर्धा लिटर सावकाश ओतलं, ऑइल खाली उतरायला जरा वेळ दिला, झाकण घट्ट केलं, पुन्हा तापवून काट्यावर जाऊन मोजलं. पट्टी साधारण मध्यावर आली. स्क्रीन कधी एक लिटर घाला म्हणते, तेव्हा सगळं एकदम ओतायचा मोह होतो. मी दोन टप्प्यांत घालतो. कमी पडलेलं घालता येतं, जास्त झालेलं या गाडीतून सहजी काढता येत नाही, खालचा बोल्ट उघडावा लागतो. आणि जास्त झालेलं ऑइल कमी झालेल्याइतकंच घातक. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला फिरता दांडा, त्यात घुसळायला लागतो, फेस होतो, पंप ऑइलऐवजी फेस ओढतो. वरून ऑइलची वाफ ब्रीदर नावाच्या नळीतून इंजिनाच्या श्वासात जाते, जळते, आणि शेवटी सायलेन्सरकडच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं नुकसान करते.

या सगळ्या खटाटोपात पुतण्याने एक गोष्ट विचारली जी मोठ्या माणसांनाही नीट माहीत नसते. पिवळा ऑइलचा दिवा आणि लाल, फरक काय? पिवळी सूचना पातळीची असते: ऑइल कमी आहे, लवकर घाला. आमच्या मॅन्युअलप्रमाणे पुढच्या दोनशे किलोमीटरच्या आत. लाल दिवा दाबाचा: ऑइल फिरत नाहीये. तिथे किलोमीटर मोजत बसायचं नसतं, कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, हायवे असो की घाट. पातळी बरोबर असतानाही पंप बिघडून दाब जाऊ शकतो. पातळीचा सेन्सर ते सांगू शकत नाही, ते काम दाबाच्या स्विचचं.

आता नानांचा मूळ प्रश्न. टीव्ही खोटं बोलला तर? सेन्सर बिघडला तर साधारणपणे तो चुकीचा आकडा देत बसत नाही, मोजता येत नाही असं सांगतो. मग वायर किंवा सेन्सर बघावा लागतो. तोवर पातळी ठरवायचा खात्रीचा उपाय एकच, सगळं ऑइल काढून मापात मोजायचं आणि ठरलेलं माप भरायचं. म्हणजे पातळीपुरती स्क्रीन पुरेशी आहे, असं माझं मत झालं आहे. माझी तक्रार दुसरी आहे. नाना थेंब चोळून जे ओळखायचे ते स्क्रीनला कळत नाही. ऑइलला जळका वास येतोय का, त्यात पेट्रोल मिसळलंय का, कूलंट शिरलंय का, यातलं काहीही पट्टीवर दिसत नाही. उलट, कूलंट किंवा इंधन मिसळलं तर पातळी वर गेलेली दिसेल, आणि भोळा माणूस खूश होईल की वा, ऑइल जराही खपलं नाही. पातळी आपोआप वाढली तर ती कमी होण्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट आहे. डिझेल गाड्यांत हे जास्त होतं. धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला गाडी जादा डिझेल टाकते, गावातल्या छोट्या फेऱ्यांमुळे ते काम अर्धवट राहतं, आणि ते डिझेल झिरपत ऑइलमध्ये उतरतं.

यावर नानांनी स्वतःच मार्ग काढला. झाकण. भरायचं झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला ऑइलचा पातळ थर असतो. तो बोटावर घेता येतो, वास घेता येतो, पांढऱ्या कागदावर टेकवून रंग आणि पसरलेली कड बघता येते. झाकणाखाली पांढरट सायीसारखा चिकटा दिसला तर पाणी आलंय. हिवाळ्यात छोट्या फेऱ्यांनी साधं दव साठूनही असं होतं, म्हणून आधी एक लांब फेरी मारून पुन्हा बघायचं आणि मगच घाबरायचं. गाडी काडीशिवाय चालली, नानांचं थेंब चोळणं मात्र चालू राहिलं.

ऑइल बदलायची वेळ आली तेव्हा मी मुद्दाम मिस्त्रीपाशी उभा राहिलो. काढलेलं ऑइल खुणा असलेल्या डब्यात धरायला सांगितलं, कारण स्क्रीनच्या पट्टीची खातरजमा करायची याहून चांगली संधी नव्हती. या इंजिनात फिल्टरसकट पाच लिटर बसतं. आदल्या दिवशी काट्यावर पट्टी मध्याच्या जरा वर होती, म्हणजे वरच्या खुणेपासून अर्ध्या लिटरच्या आसपास कमी. डब्यात तेवढंच कमी भरलं, फिल्टरमध्ये आणि इंजिनाच्या भिंतींना चिकटून राहिलेलं धरून. नवं भरताना मिस्त्री पाचही लिटर ओतायला निघाला होता. त्याला साडेचारवर थांबवलं, गाडी तापवली, काट्यावर नेऊन मोजलं, आणि मग उरलेल्यातलं थोडं थोडं घालून वरच्या खुणेच्या किंचित खाली आणलं. मिस्त्री म्हणाला, एवढं कोणी करत नाही. नाना म्हणाले, काडी असती तर केलंच नसतं.

उरलेलं ऑइल त्याच डब्यात, झाकणाखाली प्लॅस्टिक दाबून, डिकीत उभं ठेवलंय. जळगाव-पुणे अशा लांब प्रवासाला निघायच्या आधी एकदा काटा. काटेवाल्या पोराला आता सांगावं लागत नाही. गाडी दिसली की तो आधी वजन करतो आणि विचारतो, नळी आणली का.